नेमका शब्द, घरच्या घरी

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधी सांगतो. ज्यांनी तिशी ओलांडली आहे, ज्यांना मराठी बोलता येतं, भांडताना तर फारच सुरेख येतं, पण कागद पुढे आला की ज्यांच्या हातून 'सदर बाब' उतरते, त्यांच्यासाठी. शाळकरी मुलांनी वाचू नये. त्यांनी निबंधात 'मस्त' लिहिलं तर बाई अजून लाल शाईने गोल करतात. आपल्या लिखाणावर गोल करणारं कोणी उरलेलं नाही.

लेखकाची पात्रता: ठाण्यातल्या तीन विंगच्या एका सोसायटीचा सहा वर्षं सचिव. या काळात मी बोर्डावर शंभरेक नोटिसा लावल्या. त्यातली एक खाली देतो. पुढे सरावाला तीच लागणार आहे.

'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पाण्याच्या टाकीच्या समस्येबाबत आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत असून सदर कालावधीत पाणीपुरवठा प्रभावित होण्याची शक्यता आहे. तरी सर्वांनी सहकार्य करावे.'

लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं. कोणती टाकी, तिला काय झालंय, कोण काय करणार, पाणी कधी जाणार आणि सहकार्य म्हणजे कोणी काय करायचं, एवढं सोडून या नोटिशीत सगळं आहे. 'अ' विंगने टाकी धुणार असं धरलं. 'ब' विंगने टँकर येणार असं धरलं. 'क' विंगमधल्या एका आजोबांनी बालद्या, पातेली, घागर आणि नातवाचा अंघोळीचा टब भरून ठेवला, तो सलग चार दिवस. पाणी पाचव्या दिवशी गेलं.

साहित्य

एक पेन्सिल. (पेन नको. पेनने लिहिलेलं खोडायला माणसाचं मन धजत नाही.) एक खोडरबर, मोठं. घरातलं सत्तरीच्या पुढचं एक माणूस. घरात नसेल तर शेजारून आणावं, मात्र जेवणाच्या वेळेआधी परत करावं. आणि एक शब्दकोश.

कोश घ्यायचा तर दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उत्तम. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले. उचलायला दोन माणसं आणि ठेवायला एक भिंत लागते. तेवढी जागा नसेल तर मोल्सवर्थ. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. मराठी त्याच्या आईची भाषा नव्हती आणि मावशीचीही नव्हती. इथे येऊन तो ती शिकला, शास्त्र्यांना हाताशी धरून त्याने शब्द गोळा केले, १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली, साठ हजारांच्या घरातल्या शब्दांची. तेव्हा 'आता या वयात कुठे शब्द शिकायचे' ही सबब नवशिक्यांनी पुढे करू नये, ती त्या साहेबाला जास्त शोभली असती. या कामात त्याला मदत करणारा थॉमस कँडी, ज्याने मराठीत विरामचिन्हं रुळवली. व्हॉट्सॅपवर आपण दर वाक्याला चार-चार उद्गारचिन्हं ठोकतो, त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

पहिली पायरी: 'ॲड' पकडा

मोबाइलवर स्वयंपाकाचा कुठलाही मराठी व्हिडिओ लावा. 'आता आपण यात पाणी ॲड करून घेऊया. मग मीठ ॲड करून घेऊया. थोडंसं बेसन ॲड करून घेऊया.' माझी आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिने असा एक व्हिडिओ चष्मा लावून पूर्ण पाहिला आणि विचारलं, "ही बाई मीठ घालते कधी रे?"

मग तिने मला बसवून शिकवलं. पाणी ओतायचं. मीठ घालायचं. तेल सोडायचं. आधणात तांदूळ वैरायचे. भाजीवर पीठ पेरायचं. लिंबू पिळायचं. दही कालवायचं. कोथिंबीर भुरभुरायची. नवशिक्याने इथे थांबून हातांकडे पाहावं. 'वैरायचे' म्हटलं की ओंजळ आपोआप तिरकी होते आणि तांदूळ उकळत्या पाण्यात हळूहळू पडतात. 'पेरायचं' म्हटलं की चिमटीतून पीठ सगळीकडे सारखं जातं. आमच्या चिरंजीवांनी सिमला मिरचीत बेसन 'ॲड' केलं, म्हणजे वाटीभर पीठ एका जागी उपडं केलं. भाजीत सुपारीएवढे गोळे झाले आणि ते आम्ही दोन दिवस खाल्ले. मुलाचं काही चुकलं नाही. त्याला जे सांगितलं गेलं ते त्याने केलं.

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याची मापं घराघरांत गेली. अंदाजपंचे घालण्याचे दिवस तिथून सरले, असं म्हणतात ते खरं आहे. पण अंदाज होता तो मापांत. क्रियापदांत तो कधीच नव्हता. आता उलटं झालंय: दीड चमचा, पाव वाटी, सगळं चोख, आणि करायचं काय, तर ॲड.

गृहपाठ: फ्रिज उघडा आणि 'खराब झालं' हे शब्द न वापरता आतल्या जिनसांचा पंचनामा करा. दूध नासलं. भात आंबला. वरण विटलं. पाव बुरसला. खोबरं खवट झालं. कोथिंबीर मलूल पडली. पापड सादळला. (पापड फ्रिजमध्ये का ठेवला होता, ते घरच्यांना विचारा, मला नको.) हा नुसता शब्दांचा खेळ नाही. नासलेल्या दुधाचं पनीर होतं, सादळलेला पापड भाजला की पुन्हा कुरकुरीत होतो, मलूल कोथिंबीर गार पाण्यात ठेवली तर तासाभरात मान वर करते. खवट खोबऱ्याचं मात्र काही होत नाही, ते फेकायचं. पुढे काय करायचं ते शब्दातच आलेलं असतं. 'खराब' म्हटलं की सगळं सरसकट कचऱ्याच्या डब्यात.

दुसरी पायरी: काय झालंय ते सांगा

गाळलेल्या जागा भरा. कप ____. दोरी ____. खुर्ची ____. चादर ____. शिवण ____.

पाच वर्षांचं मराठी मूल यात पैकीच्या पैकी गुण मिळवतं. कप फुटतो, दोरी तुटते, खुर्ची मोडते, चादर फाटते, शिवण उसवते. राजकारणाचे वार्ताहरही यात कधी चुकत नाहीत. पक्ष फुटतो, युती तुटते, सरकार पडतं. आमदार फुटतात, पण मोडत नाहीत. चुकतो तो अर्ज लिहिणारा प्रौढ. त्याच्या अर्जात या सगळ्यांना एकच होतं, 'नादुरुस्त'.

मी त्याच जातीचा. गेल्या पावसाळ्यात गच्चीवरून पाणी येतंय म्हटल्यावर मी प्लंबरला फोन केला: "पाइप तुटलाय, लगेच या." तो भर पावसात दोन माणसं, वीस फूट पाइप आणि कटर घेऊन आला. वर जाऊन पाहिलं तर पाइप धडधाकट. कपाळावरचं पाणी निपटत त्याने मला विचारलं, "साहेब, तुटलाय कुठे? आणि पाणी येतंय म्हणजे ठिबकतंय, गळतंय की झिरपतंय?"

मी म्हटलं, त्याने काय फरक पडतो?

तो पायरीवर बसला. लहान मुलाला सांगावं तसं त्याने सांगितलं. नळ ठिबकत असेल तर वॉशर बदलायचा, वीस मिनिटांचं काम. जोडातून गळत असेल तर जोड उघडायचा. भिंतीतून झिरपत असेल तर पाणी कुठून शिरतंय ते हुडकायला प्लास्टर फोडावं लागतं, आणि ते काम त्याचं नाही, दुसऱ्याचं. "तुम्ही नीट बोलला असता तर मी आलोच नसतो." फेरीचे पाचशे रुपये घेऊन तो गेला. मी एम.ए. आहे. माझ्या शब्दाचा बाजारभाव मला त्या दिवशी कळला, उणे पाचशे.

एक गोष्ट ध्यानात घ्या. सुतार, शिंपी, प्लंबर, गवंडी यांना मोघम बोलणं परवडत नाही. शिंप्याला 'कपडा सैल आहे' सांगून भागत नाही. खांद्यात उतरतोय, की कमरेत ढगळ आहे, की गळ्याशी फुगतोय? मोघम बोलायची चैन ज्याचे हात कामात नाहीत त्याची.

तिसरी पायरी: कुठे दुखतंय

कॅनडातल्या मॅक्‌गिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये वेदना मोजायची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेची ७८ विशेषणं आहेत, वीस गटांत मांडलेली. रोग्याने त्यातली आपली निवडायची. जळणारी वेदना, टोचणारी, ठोके पडल्यासारखी, पिळवटणारी, असे ते गट. वेदना वेगळी तर तिचा उगम वेगळा असू शकतो, आणि तो पकडायला डॉक्टरला रोग्याच्या शब्दांइतकी चांगली खूण क्वचितच मिळते, असा त्यामागचा विचार.

आमच्या आत्याला ही प्रश्नावली तोंडपाठ आहे, फक्त तिला ते माहीत नाही. तिची दाढ ठणकते, गळू ठसठसतं, गुडघ्यातून कळ येते, पाठीत उसण भरते, भाजलेलं बोट चुरचुरतं, डोळ्यात गेलेलं कुसळ खुपतं, पायात मोडलेला काटा सलतो, जखमेवर आयोडीन झोंबतं आणि खरचटलेलं ढोपर हुळहुळतं. मागे तिला दवाखान्यात नेलं तेव्हा तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, पेन आहे का?" आत्याने माझ्या खिशातलं काढून दिलं.

चौथी पायरी: जुळी भावंडं

ही लवकर उरकू. आवाहन म्हणजे विनंती, आव्हान म्हणजे ललकार. 'रक्तदानाचे आव्हान' असा फलक लावला तर येणारा आस्तीन सरसावूनच येईल, तेही चुकीच्या कारणासाठी. कार्यवाही म्हणजे काम पुढे नेणं, कारवाई म्हणजे बडगा. माझ्या नोटिशीत 'कार्यवाही' होतं, पण ते तिघांनी 'कारवाई' असं वाचलं आणि टाकीवर कोण चढलं होतं याची कुजबुज सुरू झाली. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड. म्हणजे अपरोक्ष झालं डोळ्यांदेखत. आपण मात्र 'माझ्या अपरोक्ष हे घडलं' असं म्हणून हात झटकतो. संस्कृत जाणणाऱ्याला तो कबुलीजबाब वाटत असणार.

पाचवी पायरी: कर्ता शोधा

माझी नोटीस पुन्हा काढा. तिच्यातली क्रियापदं खुणा करून पाहा: कळविण्यात येते, करण्यात येत असून, प्रभावित होण्याची शक्यता. या नोटिशीत माणूस कुठे आहे? कोणीही काहीही करत नाही. सगळं कुठूनसं येतं, दव पडावं तसं. हे 'करण्यात येणे' आपण सरकारी कागदांतून घरी आणलं आणि आता त्याच्याशिवाय करमत नाही. परवा भाचीच्या वाढदिवसाच्या निमंत्रणात 'केक कापण्यात येईल' असं वाचलं. कोण कापणार, ते चार वर्षांच्या मुलीला तरी पक्कं माहीत होतं.

सरकारी मराठीला नुसत्या शिव्या घालणं मात्र अन्यायाचं आहे. राज्य चालवायला शब्द घडवावे लागतात, हे शिवाजी महाराजांनी ओळखलं आणि रघुनाथपंत हणमंत्यांकडे 'राज्यव्यवहारकोशा'चं काम दिलं. फारसी दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा तो कोश. सावरकरांनी सुचवलेले दिनांक, महापौर, हुतात्मा आज कोणालाही घडवलेले वाटत नाहीत. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर कचेऱ्यांना मराठी लिहायचंच होतं आणि त्यासाठी नावं, संज्ञा, परिभाषा लागणारच होती. बोजड शब्द कालांतराने एकतर रुळतात नाहीतर मरतात. तेव्हा माझी तक्रार शब्दांबद्दल नाही, वाक्यातून माणूस पळून जातो याबद्दल आहे.

तो पळतो कारण पळायचं असतं. नेमकं लिहायला आपल्याला येत नाही, हे मला मान्य नाही. जमिनीचा कागद काढून बघा. गावाकडचा कुठलाही शेतकरी, ज्याला दोन ओळींचं पत्र लिहायला घाम फुटतो, तो जिरायत, बागायत, पोटखराबा, बांध, वहिवाट, चतुःसीमा, फेरफार यांतला एक शब्द इकडचा तिकडे होऊ देत नाही. वहिवाट म्हणजे मालकी नव्हे, हे त्याला वकिलाइतकं कळतं. खरेदीखतात 'पूर्वेच्या बाजूला आवश्यक ती सीमा आहे' असं कोणी लिहील का? ज्याला जमीन घ्यायची आहे तो नेमकं लिहितो. मोघम लिहितो तो ज्याच्याकडून काहीतरी द्यायचं राहिलंय.

हे वाक्य लिहिताना मी नोटीस बोर्डाकडे पाठ केली होती, हे नमूद करतो.

इशारा: मात्रा जास्त झाल्यास

काही नवशिके इथवर आले की चेकाळतात. त्यांना वाटतं, जड शब्द म्हणजे नेमका शब्द. मग हळदीकुंकू 'संपन्न' होतं, माणसं 'प्रस्थान' करतात आणि पाण्याचं 'जल' होतं. तहान लागल्यावर कोणी जल मागत नाही. नदीला पूर येतो तो पाण्याचा, गंगेहून आणतात ते तीर्थ आणि एखाद्या आशेवर सोडायचं ते उदक. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. आपण आपलं साधं 'पाणी' लिहावं, ते कुठेही वाया जात नाही.

मृत्यूच्या बाबतीत तर मराठीने प्रत्येकाची वेगळी सोय करून ठेवली आहे. वडीलधारा माणूस वारतो. नेत्याचं निधन होतं. पत्रिकेत देवाज्ञा होते. इस्पितळात रुग्ण दगावतो आणि गोठ्यात म्हैसही दगावते. महामार्गावर लोक ठार होतात. सैनिकाला वीरमरण येतं. घरचं माणूस नुसतं 'जातं', त्याहून जास्त शब्द तोंडातून फुटत नाही. आणि ज्याच्याशी बांधाचा दावा चालू आहे, तो मरतो.

एवढी सोय असताना ग्रुपवर कोणी गेल्याची बातमी आली की आपण काय करतो? वरच्याने लिहिलेलं 'भावपूर्ण श्रद्धांजली' उचलून खाली डकवतो. माझे वडील गेले तेव्हा अशा त्रेचाळीस श्रद्धांजल्या आल्या आणि सगळ्या भावपूर्ण होत्या. मला लक्षात राहिला तो खालच्या मजल्यावरच्या एका बाईंचा निरोप: 'सकाळी साडेसहाला जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. आज आला नाही.' त्यात एकही अवघड शब्द नव्हता. त्या बाईंनी ही मार्गदर्शिका वाचायची गरज नाही.

शेवटची पायरी: पुन्हा लिहा

पेन्सिल आणि खोडरबर घेऊन मी ती नोटीस पुन्हा लिहायला बसलो. आत्या समोर शेंगा सोलत होती. 'समस्या' खोडून 'गळती' लिहिलं. ती म्हणाली, गळत नाहीये, झिरपतंय. ते केलं. 'भेग' लिहिलं. ती म्हणाली, भेग टाचेला पडते नाहीतर शेताला, सिमेंटला तडा जातो. तेही केलं. 'प्रभावित' कोणालाही न विचारता खोडलं. सर्वांत वेळ लागला तो 'आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे' या ओळीला. तिच्यातला कर्ता कोण, ते मला पहिल्यापासून माहीत होतं. शेवटी नोटीस अशी झाली:

'ब विंगच्या गच्चीवरच्या टाकीला तळाशी तडा गेला आहे आणि पाणी ६०२ च्या छतात झिरपतं आहे. गुरुवारी सकाळी १० ते संध्याकाळी ५ ब विंगला पाणी येणार नाही. बुधवारी रात्री दोन बालद्या भरून ठेवाव्यात, जास्त भरू नयेत. अ आणि क विंगचं पाणी चालू राहील. खर्च ३८,००० रुपये, दुरुस्ती निधीतून. हा तडा मी गेल्या वर्षी पाहिला होता. तेव्हा केसाएवढा होता आणि काम सात-आठ हजारांत झालं असतं. मी ते लांबणीवर टाकलं. – सचिव'

सोमवारी सकाळी नऊला ती बोर्डावर लावली. पावणेदहापर्यंत तिघे जण भांडायला आले. तिघांनीही नोटीस शेवटपर्यंत वाचली होती.